लातुरात फ्रेंच कशाला?

ज्या विषयाला पोरं कमी, त्या विषयाचे किस्से जास्त, असा माझा अनुभव आहे. फिजिक्सच्या वर्गात खच्चून गर्दी. तिथं कोण कुणाकडे बघतंय? माझ्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारे दहा-बारा जण. त्यांची गावं, घरं, मामा-मावश्या मला पाठ! मी मूळची नांदेडची. लातूरच्या कॉलेजात फ्रेंच शिकवायला लागून अठरा वर्षं झाली. अजूनही कुणीतरी विचारतंच, "मॅडम, लातुरात फ्रेंच शिकून उपयोग काय?" मी उत्तर देत बसत नाही. किस्से सांगते.

*

ॲडमिशन चालू होत्या. शिरूर अनंतपाळहून एक शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलगी डॉक्टरकीची तयारी करणार, हे लातुरात वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी भाषा कोणती, एवढाच प्रश्न होता.

"फ्रेंच घेतली तर पोरगी डॉक्टर हुईल का?"

"नाही हो काका."

"मग गावात कुनासंगं बोलायचं ते?"

"कुणाशीच नाही. पण मन लावून केलं तर मार्क चांगले पडतात."

काकांनी जरा विचार केला. "म्हंजे सोयाबीनमधली तूर म्हना की, जादाचं पीक! लिव्हा, फ्रेंच लिव्हा!"

*

फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची बरीच अक्षरं लिहायची, पण उच्चारायची नाहीत. पहिल्याच आठवड्यात बिलोलीचा बालाजी उठून उभा राहिला.

"मॅडम, बोलायचंच न्हाई तर लिवायचं कशाला?"

मी भाषेचा इतिहास सांगायला लागले. बालाजी मान डोलावत होता. मधेच त्याचा चेहरा उजळला.

"समजलं मॅडम! आमच्या धाकल्या चुलत्यावानी. सातबाऱ्यावर नाव हाय, पन घरात कुनी बोलत न्हाई!"

इतिहास मी तिथंच थांबवला. याहून चांगलं मला सांगता येणार नव्हतं.

*

फ्रेंचचा 'र' घशातून काढावा लागतो. आमच्या पोरांचा 'र' म्हणजे रस्त्यावरची खडी! कितीही घासा, मऊ होत नव्हता. वर्गात नसरीन होती, उर्दू शाळेतून आलेली. ती म्हणाली, "मॅडम, ये तो हमारा ग़ैन है!"

मी तिला पुढे बोलावलं. तिने सगळ्यांना सांगितलं, "'ग़रीब' म्हणा, आणि पहिलं अक्षर घशात धरून ठेवा." झालं! अख्खा वर्ग घसा खरवडत ओरडायला लागला, "ग़रीब! ग़रीब!"

राउंडवर निघालेले प्राचार्य दारात थांबले. "मॅडम, इकॉनॉमिक्सचा तास इथं हलवलाय का?"

*

वर्गात डिक्शनऱ्या नव्हत्या. मी ऑफिसात अर्ज दिला, 'फ्रेंचसाठी लागणारे साहित्य मिळणेबाबत'. आठवड्याने तास चालू असताना एक सुतार दारात उभा. हातात ब्रश, डबा.

"मॅडम, फ्रेंच कुठं मारायचंय?"

मी तणतणत हेडक्लार्ककडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही घाईत 'पॉलिश' लिहायचं विसरला होता. मीच जोडलं!"

डिक्शनऱ्या पुढच्या वर्षी आल्या. टेबल मात्र अजून चमकतंय.

*

तोच बालाजी आता गावाकडं खत-बियाणांचं दुकान चालवतो. परवा बाजारात सपत्नीक भेटला. बायको सीमेपलीकडची, निजामाबादकडची.

"मॅडम, तुमची फ्रेंच लई कामाला येऊन राहिली."

मला भरून आलं. "कुठं रे?"

"भांडनात. हिला काही बोलायचं असलं की फ्रेंचमधून बोलतो. समजत न्हाई, मग भांडन वाढत न्हाई."

"आणि भांडण मिटतं?"

"न्हाई ना! ही तेलुगू सुरू करती."

*

सविता मुरुडची. लेखी पेपरात पहिली, पण बोलायचं म्हटलं की दातखीळ! घरी आई तिचा पाठ घ्यायची. आईला वाचता येत नव्हतं. भाकरी थापता थापता ती नुसती ऐकायची आणि म्हणायची, "हितं कालच्यावानी न्हाई झालं. पुन्हा म्हन." तिला सगळे 'सविताची आई' म्हणायचे. मीही.

तोंडी परीक्षेला दोघी एसटीनं आल्या. आई व्हरांड्यात बसली. परीक्षक बाहेरून आलेल्या, फार कडक. त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं, "तुझं नाव काय? कुठं राहतेस?"

सविता गप्प. पुन्हा विचारलं. डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही. मला नियमाप्रमाणे मदत करता येत नव्हती. बाईंनी पेन उचललं.

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "ज मापेल सविता. जाबित आ मुरुड." माझं नाव सविता, मी मुरुडला राहते.

बाईंनी दार उघडलं. पदर सावरत आई उठली. "चुकलं का वो मॅडम? रोज आसंच तर म्हनती ती."

बाईंनी तिला आत आणून खुर्चीवर बसवलं आणि सावकाश, फ्रेंचमध्येच विचारलं, "तुमचं नाव काय?"

"ज मापेल सविता," आई ठामपणे म्हणाली.

सविताला रडता रडता हसू फुटलं. "न्हाई गं आई, ते माझं नाव हाय! तुझं घालायचं तिथं!" आणि तिची जीभ जी सुटली! आईकडे तोंड करून तिने घर, गाव, भाऊ, म्हैस, सगळं फ्रेंचमधून सांगून टाकलं. एकदाही अडखळली नाही.

बाईंनी मार्क मांडले. पेनाला टोपण लावलं. मग खुर्ची आईकडे वळवून तोच प्रश्न पुन्हा विचारला.

आईने लेकीकडे बघितलं. ताठ बसली.

"ज मापेल कलावती."