गोजरबाईंच्या भट्टीचं तेल

वरकुट्याच्या गोजरबाईंनी नवऱ्यामागं ऊस मोडून गवती चहा लावला, तेव्हा भावकी हसली होती, "बाई आता साऱ्या तालुक्याला चहा पाजणार." बाईंनी मळ्यातच भट्टी घातली, गवताचं तेल काढून विकलं आणि दोन्ही लेकी शिकवल्या.

धाकटी प्रगती बारामतीच्या कॉलेजात संशोधन करते. आईच्या तेलातला एक घटक तिनं काचेच्या ताटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकला. पेशी मेल्या. घरी आल्यावर तिनं हे कौतुकानं सांगितलं आणि जेवून परत गेली.

थोरली संजीवनी काटेवाडीला दिलेली. तिला स्तनाचा कर्करोग झालेला, केमो चालू होती. लेकीचे गळालेले केस पाहून बाईंचा जीव तुटायचा. त्यांनी तेलाची बाटली भरून नेली आणि सांगून आल्या, "रोज चमचाभर घे. सुया बास झाल्या."

बाईंनी फोनवर हे सांगितलं, तशी प्रगती ओरडलीच.

"आई, त्या ताटलीत साबणाचं पाणी वतलं तरी पेशी मरतात. तेलानं चांगल्या पेशीबी मेल्या. ताटली म्हंजे अक्काचं अंग न्हाय. असल्या तेलाचं औषध व्हायला वर्षं जातात, कितीदा तर होतच न्हाय. नुसतं तेल प्याली तर पोट भाजंल तिचं."

"मग तवाच का न्हाय सांगितलंस?"

"तू बाटली भरशील असं कुठं वाटलं मला?"

संजीवनी फोन उचलेना. बाईंनी भट्टी विझवली आणि पुतण्याच्या पिकअपमधून काटेवाडी गाठली.

संजीवनी ओट्यावर मेथी निवडत होती.

"तेल घेतलंस का ग?"

"न्हाय अजून. उद्या अमावस्या. तिच्या तोंडावर नवं औषध धरू नये, तूच म्हणतीस न्हवं?"

बाई ओट्यावर तिच्याशेजारी टेकल्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "घेऊ नगंस. माझीच चूक झाली. केमोची तारीख कधी हाय?"

"आज व्हती. गेले न्हाय."

बाईंनी दवाखान्यात फोन लावला. तिकडून नर्स म्हणाली, "उद्या सकाळी आणा. एका दिवसानं बिघडत नाही."

"उद्या अमावस्या," संजीवनीनं आठवण केली.

"केमो जुनं औषध हाय. जुन्याला अमावस्या लागत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सलाईन सुरू झालं आणि लेकीचे पाय चेपता चेपता बाई कॉटवरच कलंडून घोरू लागल्या. नर्सनं आत डोकावून विचारलं, "यातलं पेशंट कोण?"

संजीवनीनं ओठांवर बोट ठेवलं आणि पाय जरा आखडून आईला जागा केली.