वहिनींचं मत

हे मी माझ्या नवऱ्याला, मंदारला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि सुलभावहिनींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या एडिनबराच्या मंडळात नाही. असलात तर — असा. कळेल मग एकदाचं.

सुरुवात जयंतदादांपासून करते. खरं तर त्यांच्यापासून करायची गरज नाही, पण त्यांच्याबद्दल बोललं की मला बरं वाटतं. आमच्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष. दुसरं कुणी कधी उभंच राहत नाही. इथे उभं आयुष्य काढलेला माणूस. कुणाला फ्लॅट बघून दे, कुणाचा सीव्ही पुढे सरकव, हे सगळं करणार, आणि केलेलं मरेपर्यंत विसरू देणार नाही. मंदारला इथली पहिली नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली. म्हणजे मी त्यांच्याशी कायम खाली मान घालून बोलायचं, असा त्याचा अर्थ.

स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं की नाही, याचं पहिलं सार्वमत झालं तेव्हा मी इथे नवीन होते. पण भारतीय पासपोर्टवरही मत होतं आणि मला त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं. मी वेगळं होण्याच्या बाजूची. त्या बाजूचा बिल्ला कोटाला लावून मी मंडळाच्या गणपतीला गेले — आता म्हणा, गरज काय होती? आरती झाली, मी प्रसादाचं ताट घेऊन उभी, आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाले की काल आलेल्या पोरींनी आमच्या देशाचे तुकडे करायला निघू नये, आधी धड इंग्लिश बोलायला शिकावं. लोक हसले. मंदारही हसला — थोडंसंच, पण हसला. मी उलट उत्तर दिलं. मग मंदारने मला बाजूला नेलं, नोकरी नवीन आहे म्हणाला, आणि मी परत येऊन माइकवर सॉरी म्हटलं. बिल्लाही काढला.

एवढ्याशा गोष्टीचं एवढं? हो, एवढ्याशाच गोष्टीचं. मी त्यांच्या घरी जेवले, त्यांच्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांना पेढे वाटले, दिवाळीला पाया पडले — आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, थांबा, दादा. कधीतरी तुमचंही तोंड असंच लाल झालेलं मला बघायचंय, ह्याच सगळ्यांसमोर. तुम्ही कधी कुणाबद्दल असं म्हटलं नाहीत? नसेल तर तुम्ही चांगले आहात. मी नाही.

आता वहिनी. इथे माझी जीभ अडखळते.

सुलभावहिनी म्हणजे दादांच्या बायको. त्या गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बसने लीथला माझ्या घरी आल्या होत्या, डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन. दादांबद्दल चकार शब्द काढला नाही. नुसत्या बसल्या, मी जेवेपर्यंत. पुढे दर शुक्रवारी यायला लागल्या. मी घरून काम करायचे, त्या मटार सोलत बसायच्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं डोकं त्यांनी धुतलंय. आई इथे नव्हती, त्या होत्या.

अशाच एका शुक्रवारी, पहिल्यात आमची बाजू हरली म्हणून आता दुसरं सार्वमत घ्यावं की नको यावर सगळीकडे चर्चा चाललेली असताना, त्या मला म्हणाल्या, "घ्यावं बाई परत. मागच्या वेळी यांनी सांगितलं तिथे मी फुली मारली. घरी येऊन वाटलं, अगं, मला कुणी विचारलंच नाही की. परत झालं तर माझं मी देईन." मी विचारलं, कुणाला द्याल? तर म्हणाल्या, ते मी तुलाही नाही सांगायची. आणि इतक्या छान हसल्या. ते हसू मी पाहिलंय, म्हणून पुढचं जास्त वाईट आहे.

त्याच सुमारास दादांना एका सभेचं आमंत्रण आलं. आमच्या भागातल्या निरनिराळ्या देशांच्या मंडळींनी दुसऱ्या सार्वमताबद्दल बोलायचं होतं. दादा हवेत. कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायची त्यांची जुनी हौस. त्यांना तिथे जाऊन सांगायचं होतं की आमच्या मराठी समाजाला दुसरं सार्वमत अजिबात नको, एकमताने नको. मला म्हणाले, तू कॉम्प्युटरवाली, ग्रुपवर सगळ्यांचं मत घेऊन टाक, फॉर्मॅलिटी म्हणून. आमच्या घरची दोन 'नको' आत्ताच धर.

आमच्या घरची दोन. ते ऐकलं आणि मला सगळं एकदम दिसलं. ठरवायला वेळसुद्धा लागला नाही.

ग्रुपवरच्या पोलमध्ये कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. मतांच्या आकड्यावर बोट ठेवलं की नावं फोटोसकट दिसतात. तुम्हाला माहीत असेल. मी बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, मला माहीत नसेल? पण आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांना ते माहीत नव्हतं. दादांना नव्हतं. वहिनींना तर नव्हतंच, त्यांना फोन घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

मी पोल टाकला त्याच दिवशी वहिनींनी मला फोन केला. मी ऑफिसातून निघाले होते, ट्रॅममध्ये उभी होते. म्हणाल्या, "हे गुप्त असतं ना गं? यांना कळणार नाही ना?"

आता सांगतेच. मी म्हटलं, "नाही हो वहिनी, कुणालाही दिसत नाही. बिनधास्त द्या."

झालं. हीच ती गोष्ट. चुकून निघालं नाही तोंडातून, घाईतही नाही. त्या "बरं" म्हणून फोन ठेवायच्या आधी मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं की कुठे दाबायचं.

त्यांनी 'हवं'वर दाबलं. घरी पोचले तेव्हा त्यांचा फोटो तिथे दिसत होता, जांभळ्या स्वेटरमधला. मत बदलता येतं, हे मला ठाऊक होतं. पोल मीच टाकलेला, तो काढून टाकता आला असता. मी चहा ठेवला. थोड्या वेळाने कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, वाह, दादांच्या घरातच फूट, वहिनी बंडखोर निघाल्या. खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. मीही एक टाकला.

पुढच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक होती. दादा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सुलभा, सांग सगळ्यांना." वहिनी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या की नवीन फोन आहे, बोट भलतीकडेच लागलं, मला काय कळतंय त्यातलं, सगळ्यांनी माफ करा. कुणाचाही विश्वास बसला नाही. दादांचे कान लाल, मान लाल, आणि सगळे जण त्यांच्याकडे बघताहेत. सार्वमताच्या त्या सभेला ते नंतर गेलेच नाहीत.

मी कुणाकडे बघत होते, सांगू? वहिनींकडे नाही. दादांकडे. डोळे भरून बघितलं मी त्यांना, आणि काय गार वाटलं जिवाला. खोटं कशाला बोलू? आजही दादांबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही. तो चेहरा आठवला की अजून बरं वाटतं. परत मिळाला तर परत बघेन.

वहिनी त्यानंतर बरेच शुक्रवार आल्या नाहीत. दादा घरात बोलत नाहीत, असं कानावर आलं. जेवायला वाढलं की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात म्हणे. या वयात. मी एकदाही वहिनींकडे गेले नाही, फोन केला नाही. कामाचं निमित्त होतंच.

मग एका शुक्रवारी त्या आल्या. वाळल्या होत्या. फोन आता घरीच ठेवते म्हणाल्या, यांना आवडत नाही. मी मान वर करेना, तर माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मलाच म्हणाल्या, "तू नको मनाला लावून घेऊ. तुला तरी कुठे माहीत होतं, ते असं सगळ्यांना दिसतं म्हणून?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, "नाही ना हो वहिनी. मला कुठे माहीत."

त्यांनी मान हलवली, मटार पुढ्यात ओढले आणि सोलायला लागल्या. टीव्हीवर परत तेच चाललं होतं, दुसरं सार्वमत हवं की नको, कुणीतरी रस्त्यात लोकांना थांबवून विचारत होतं. वहिनींनी थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, झालंच परत, तर यांना विचारून देईन बाई, माझं काही नाही त्यात.