यानाचं दार

सामरवरणी गावातल्या भाड्याच्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो, सगळे धुळे-नंदुरबारकडचे, सगळे कंपनीत कामाला. मी मोबाइलवर पोरांसाठी अंतराळाची कादंबरी लिहीत होतो आणि यानातलं एकेक पात्र खोलीतल्या एकेकाला वाटून दिलं होतं. शिफ्टवरून आलो की चहासोबत मी नवा भाग वाचायचो.

त्या संध्याकाळच्या भागात यानातली हवा दारातून गळत होती. इंजिनियर बाहेर दुरुस्ती करत असतानाच कॅप्टनने दार लावून घेतलं, बाकीचे जगावेत म्हणून. प्रसंग मला भारीच वाटला होता, आजही वाटतो.

इंजिनियर ज्याला दिला होता, त्याची दोन बोटं खडोलीच्या कंपनीत प्रेस मशीनखाली गेली होती. माल काढायचाय म्हणून सुपरवायझरने मशीन थांबवू दिलं नव्हतं. त्याने उरलेल्या बोटांनी माझी कॉलर धरली आणि माझं डोकं भिंतीवर आपटलं. मीही त्याच्या नाकावर ठोसा हाणला. रक्त आलं. बाकीचे धावले ते सोडवायला असं मला वाटलं, पण त्यांनी माझेच हात मागे पिरगाळले.

"दार उघड," तो म्हणाला.

"अरे, हवा जाईल, सगळे मरतील!"

"मरू दे," माझा हात पिरगाळणारा कॅप्टन मागून म्हणाला. "उघड."