यात वाघ कुठं आहे?

आमच्या वैशालीबरोबर चार दिवस हिंडलं की किस्से आपोआप साचतात. ती व्हिडिओ आर्टिस्ट. माणसं कशी चालतात, वाकतात, काय काय उचलतात, एवढंच शूट करते. मी तिचा साउंडवाला. लोक हे किस्से ऐकून हसतात, आणि सांगता सांगता माझं डोकं तापतं!

* * *

ताडोबाच्या जंगलाच्या गेटवर, मोहर्लीला, सकाळी बायका डबे घेऊन रिसॉर्टवर कामाला निघतात. रस्त्याच्या कडेनं, धूळ खात. आम्ही तेच शूट करत होतो. शेजारी सफारीची एक जिप्सी थांबली.

"वाघ दिसला?"

"नाही."

"मग शूटिंग कशाचं?"

"या बायकांचं," वैशाली म्हणाली.

जिप्सीतल्या पाहुण्यानं मोबाइल वर धरला. "मग त्यांना जरा बाजूला घ्या ना. जंगलाचा फोटो खराब होतोय!"

जंगलाचा! त्यांच्याच गावात!

* * *

गडचांदूरला, कारखान्यांच्या चिमण्यांखाली, एक बाई वाळलेले कपडे दोरीवरून काढायच्या आधी काठीनं झोडपते. प्रत्येक फटक्याला धुळीचा ढग उठतो. फिल्म मुंबईच्या एका गॅलरीला पाठवली. तिथल्या मॅडमचा फोन आला.

"काय सुंदर ग्रे टोन आहे! फिल्टर कोणता वापरला?"

"सिमेंटचा," वैशाली म्हणाली आणि फोन कट केला.

* * *

गडचिरोलीत अहेरीच्या बाजारात एका पोलिस साहेबांनी हटकलं. "लोकायचे चेहरे काऊन घेऊन राह्यले? कोणाले दाखवता?"

ठीक. पुढच्या बाजाराला आम्ही नुसते पाय घेतले. साहेब पुन्हा हजर!

"चेहरे काऊन नाई घेत? काय लपवून राह्यले?"

"सर, मग पोटं घेऊ का?" वैशालीनं विचारलं.

साहेबांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "अर्ज द्या."

बाजार उठला तरी आम्ही अर्जच लिहीत होतो.

* * *

मुंबईत गॅलरीच्या त्याच मॅडमना धानाच्या रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, फिल्म दाखवली. चिखलात वाकलेल्या बायका, बाकी काही नाही. दहा मिनिटांत मॅडमची चुळबुळ सुरू.

"यात थोडा नाच टाकता येईल का? ट्रायबल मूव्हमेंट? आणि या बायका एवढ्या वाकून शोधतायत तरी काय?"

मला राहवलं नाही.

"तुमचं जेवण!"

गॅलरीकडून मिळणारी ग्रँट गेली. वैशालीनं खाली टपरीवर मला चहा पाजला. स्पेशल.

* * *

तीच फिल्म मग मूल तालुक्यात त्या बायकांच्या गावात नेली. समाजमंदिरासमोर पांढरा पडदा बांधला. संध्याकाळी अख्खं गाव जमलं. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा येणार म्हणून निरोप आला, तेव्हा आम्ही फिल्म सुरू केली.

फिल्म निम्म्यावर आली आणि पाहुणे आले. हार घातले. माइक हातात घेऊन ते थेट पडद्यासमोर उभे! प्रोजेक्टर चालूच. "आपल्या मातीची ही थोर संस्कृती..." भाषण संपेना. त्यांच्या कडक पांढऱ्या कुर्त्यावर एक म्हातारी वाकून रोवणा करत होती. सखूबाई. शूटिंगनंतरच्या उन्हाळ्यातच ती गेली.

मी माइक बंद करायला उठलो. तेवढ्यात बायकांतून लता उभी राहिली, सखूबाईची सून. पदर खोचला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"ओ साहेब, सरका बाजूले! तुमी इलेक्शनले अजून याल. माझी सासू आजच आली हाये!"