साचेवाल्याचे कान

आमचं वर्कशॉप डिलाईल रोडच्या एका चाळीच्या तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत लोखंड कातायचा लेथ आणि मागच्या खोलीत आम्ही. आई भाकऱ्या थापायची तेव्हा पिठात लोखंडाचा कीस येऊ नये म्हणून मध्ये जुन्या साडीचा पडदा लावलेला असे, आणि तरीही तो यायचाच. शेजारणी म्हणत, या घरात कुणाला रक्तवाढीच्या गोळ्या घ्याव्या लागायच्या नाहीत.

वर्कशॉप बाबांनी काढलं असं आता सगळे म्हणतात. ते खरंही आहे, पण अर्धंच. ते उभं राहिलं मोठ्या काकांमुळे. ते बाबांचे थोरले भाऊ, गिरणीत साचेवाले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. त्यात धोटा इकडून तिकडे धावतो, आणि त्याचं लोखंडी टोक झिजलं की सूत तुटायला लागतं. असंच एक झिजलेलं टोक काकांनी सदऱ्याच्या खिशातून घरी आणलं आणि बाबांना विचारलं, "ह्या तुका जमात काय रे?" बाबांनी तस्संच नवं कातून दिलं. काकांनी ते जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला दाखवलं, जॉबरने वरच्या साहेबाला, आणि गिरणीचं काम आमच्या दारात आलं. मग शेजारच्या गिरण्यांचंही आलं. दुसरा लेथ आला, बाजूची खोली घेतली. बाबांची छाती त्या दिवसांत जरा पुढेच असायची, आणि काका ती बघून खूश व्हायचे.

मग संप झाला. साचे थांबले तसं धोट्याचं टोकही कुणाला नकोसं झालं. काका पहिल्यांदा म्हणाले, महिन्याभराची गोष्ट आहे. मग गावी जाऊन भात लावून आले. परत आले तरी गिरणी बंदच होती. काकी पापड लाटायला जाऊ लागली आणि काका चाळीच्या कठड्याला टेकून रस्ता बघत उभे राहू लागले. ज्या माणसाला मी कधी रिकाम्या हाताने पाहिलं नव्हतं, त्याला आता हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

बाबांनी गिरण्यांची आशा सोडली. दवाखान्यातल्या उपकरणांसाठी बारीक पिना लागतात, त्यांचं काम एका कंपनीकडून मिळवलं. धोट्याच्या टोकात केसभर इकडेतिकडे खपून जायचं. या पिनांत केस उभा चिरला तरी तेवढाही फरक चालत नव्हता. आणि याच कामावर बाबांनी काकांना बोलावलं. "दादा, घराक बसून काय करतलस? हय ये, माका मानूस होयो हा." मदत करतोय असं न दाखवता मदत करायची ही आमच्या घरातली जुनी कला. काका आले. आम्हा सगळ्यांना एकच धाकधूक होती, ते इथे टिकतील का. कारण त्यांना दुसरं दार नव्हतं, आणि धाकट्या भावाचा फुकटचा घास त्यांच्या घशाखाली उतरला नसता.

हात त्यांचा सुरेख होता. साच्यावर तुटलेलं सूत डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडणारी बोटं ती. पण लेथचं निम्मं काम कानाने होतं. लोखंड कापणारं टूल नीट चालत असलं की एक संथ सूर लागतो. त्याची धार गेली की ते किंचाळतं, आणि ते ऐकून माणसाने ताबडतोब हात आवरायचा असतो. बाबा पडद्याआड जेवत असले तरी तिथून ओरडायचे, "टूल बदला." काकांचे कान मात्र गिरणीने कधीच खाऊन टाकले होते. साचेखात्यातला तो खडखडाट उभा जन्म ऐकलेल्या माणसाला मोठ्याने बोललेलंही धड पोचत नाही.

गिरणीत ऐकू येण्यावाचून कुणाचंच काही अडत नसे. त्या गोंगाटात कुणाचा आवाज कुणाला जाणार? म्हणून साचेवाले ओठांवर बोलतात. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ स्वच्छ हलवायचे, आणि पलीकडच्या रांगेतला माणूस ते वाचून उत्तर देतो. घरातली भांडणं, कालचं मटण, साहेबाची टिंगल, सगळं तसंच. लहानपणी मी आईच्या पाठीमागे उभी राहून ओठांनी 'लाडू' म्हणायचे, की काका गुपचूप डब्याकडे वळायचे. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या काकांचे कान समोरच्याच्या तोंडावर असायचे.

काकांच्या हातच्या पिना बऱ्याचदा बाद व्हायच्या. बाबा त्या न बोलता बाजूला काढत आणि रविवारी स्वतः पुन्हा करत. काकांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही अशी आईला आणि मला ताकीद होती. तोवर माझ्या मनात बाबांविषयी नुसतं कौतुक होतं.

एका दुपारी कंपनीचा तपासनीस साहेब आला. मी दाराशी बसून पिना पुसून डब्यांत भरत होते. काका लेथवर होते आणि टूलची धार गेली होती. खोलीभर कर्कश आवाज भरला. साहेबाने कानात बोट घातलं. काका मात्र शांतपणे फिरत्या पिनेवर साबणाचं पाणी सोडत होते, काम छान चाललंय असं समाधान तोंडावर. मला त्या चेहऱ्याकडे बघवेना. बाबांनी जाऊन मशीन बंद केलं, काकांच्या पाठीवर थाप मारली, "दादा, च्या पी" म्हणाले आणि साहेबाकडे परत आले. मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "बहिरा आहे तो. भाऊ पडला, म्हणून पोसतोय. तुमच्या मालाला यापुढे हात लावणार नाही."

आवाज खाली आणला. साचेवाल्यासमोर. मी मान वर केली तेव्हा काका कपबशी हातात धरून बाबांच्या तोंडाकडे बघत होते.

पोसतोय. आमच्याकडे म्हातारा बैल पोसतात, दारचं कुत्रं पोसतात. काकांनी चहा संपवला. लेथ पुसला, कीस झाडून सुपात भरला, हात धुतले आणि घरी गेले. त्याच आठवड्यात काकीला घेऊन ते गावी निघाले. बाबांनी विचारलं, "असा अचानक कित्याक, दादा?" काका म्हणाले, "शेती बघूक कोणतरी होया."

ते गेल्यावर माझ्या तोंडाला काही आवर राहिला नाही. मी बाबांना सांगितलं की तुमचं बोलणं त्यांनी वाचलं. बाबा सळयांच्या पेटीवर खाली बसले. आई म्हणाली, "आपलेच दात नि आपलेच ओठ," आणि आत गेली. बाबा म्हणाले, "मी काम वाचवत होतो." ते खरं होतं, आणि त्याचाच मला आजही राग येतो.

काम वाचलं. त्याच पिनांवर वर्कशॉप वाढलं. चाळीतल्या खोल्या पुरेनात म्हणून वसईला गाळा घेतला, मग शेजारचा गाळा. आता सगळी संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आहेत, काचेच्या दाराआड आपली आपण चालतात, टूल झिजलं की पडद्यावर अक्षरं उमटतात. हल्ली तो धंदा मी बघते. या मशीनवर ठार बहिरा माणूसही उत्तम काम करेल, हे मनात आल्यावाचून माझा एक दिवस जात नाही.

बाबा दरवर्षी गणपतीला गावी जायचे. दोघे भाऊ भातावर बोलायचे, काजूवर बोलायचे. त्या दुपारचं नाव कुणीच काढायचं नाही. शेवटी बाबांना हृदयाचा त्रास सुरू झाला तेव्हा ते मला म्हणाले, "मला दादाकडे घेऊन चल." मी गाडी काढली.

काका पडवीत सुपारी सोलत बसले होते. एव्हाना त्यांना अजिबातच ऐकू येत नव्हतं. बाबा समोर बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दादा, त्या दिवसा साहेबाक मी जा बोललंय..." काकांनी मान खाली घातली. बाबा वाकून त्यांच्या तोंडासमोर आले, तसे ते अंगणाकडे वळले. काकीने त्यांचा खांदा हलवला. "अहो, भावोजी काय सांगतत ता बगा तरी." काकांनी बघितलं नाही.

बाबांनी तरी सगळं सांगितलं. तो शब्दसुद्धा उच्चारला आणि परत घेतला. ते रडत होते, काकी रडत होती, मी रडत होते. काका सुपारी सोलत राहिले. बाबांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला तेव्हा त्यांनी तोंड वळवलं, भावाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "जेवून जातलस मां?"