दसऱ्याला घ्यायचं ठरलं होतं

गेल्या वर्षी पितृपक्षाच्या आठव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भोकरदनमधल्या आमच्या घरातला एकमेव लॅपटॉप बंद पडला. त्या वेळी माझी बायको त्यावर काम करत होती. हातातली फाइल पुण्याला पाठवायची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचची होती.

ती फाइल म्हणजे शिक्षकांसाठीच्या एका हस्तपुस्तिकेचा मराठी अनुवाद. पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेने तिला तीन महिन्यांच्या चाचणीवर घेतलं होतं. दर गुरुवारी एक फाइल द्यायची. तीन महिने नीट गेले तर घरबसल्या कायमचं काम आणि दरमहा ठरलेला पगार. मुदत दोनदा चुकली तर चाचणी तिथेच संपेल, असं पहिल्याच मेलमध्ये लिहिलेलं होतं. मी ज्या दैनिकाला बातम्या देतो, त्याने तालुक्याचं कार्यालय आदल्या वर्षी बंद केलं आणि तेव्हापासून मला बातमीमागे पैसे मिळतात. पगार म्हणता येईल असं घरात दुसरं काही नव्हतं.

एकदा मुदत चुकून झाली होती. लॅपटॉप आठ वर्षांचा होता. बॅटरी फुगल्यामुळे ती काढून टाकलेली, त्यामुळे वायर जोडलेली असेपर्यंतच तो चालायचा. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गुरुवारी दुपारी वीज गेली. ती दोन तासांनी आली आणि फाइल चाळीस मिनिटं उशिरा गेली. पुण्याहून उत्तर आलं की ही पहिली वेळ म्हणून नोंदवली आहे.

त्या रविवारी आम्ही दोघं बसने जालन्याला गेलो. ओळखीचं एक दुकान आहे. शेठजींचं घराणं मूळ राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जालन्यातच गेल्या. आमच्याकडे छत्तीस हजार जमलेले होते. कामाला पुरेल असा लॅपटॉप त्यांनी काढून दाखवला. किंमत एक्केचाळीस हजार.

"शेठजी, छत्तीसला द्या अन् विषय संपवा," बायको म्हणाली.

"वहिनी, छत्तीसला दिला तर दुकान बंद करून मीच तुमच्याकडं अनुवाद शिकायला येतो." ते हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा, खरं सांगू का? दसऱ्याला या. कंपनीची स्कीम राहते. छत्तीस-साडेछत्तीसला बराबर बसंल. आज घेतला तर मी खुश, दसऱ्याला घेतला तर तुम्ही खुश."

"अन् तोवर जुना चालला न्हाई तर?"

"आठ वर्षं चालला म्हणता ना वहिनी? मंग अजून महिना-दीड महिना त्याला काय होतंय."

मी त्याच रस्त्यावरच्या आणखी एका दुकानात जाऊन खात्री केली. तिथेही दसऱ्याला भाव उतरतील असंच सांगितलं. दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाला की मी बातमी पक्की धरतो. इथेही तेच केलं.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "वरचे पाच हजार हप्त्याने देऊ. आज घेऊन टाकू. पुढच्या स्टॉपला उतरू अन् मागं जाऊ."

माझ्या बातम्यांचे पैसे कुठल्या महिन्यात किती येतील ते सांगता येत नाही, हप्ता कशाच्या भरवशावर घ्यायचा, असं मी म्हणालो. "महिन्या-दीड महिन्याचा तर प्रश्न आहे."

"तुमचा महिना. माझे त्याच्यात चार गुरुवार." आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "तुम्हाला पाच हजार दिसून राह्यले. मला मुदत दिसून राह्यली."

आम्ही मागे गेलो नाही. गणपतीच्या दिवसांत तिने पुन्हा विषय काढला. गणपतीत नवी वस्तू घ्यायला माझ्या आईची हरकत नव्हती. माझी होती. दसऱ्याला महिनाच उरला होता आणि भाव उतरणार होते.

पितृपक्ष लागायच्या आदल्या संध्याकाळी स्क्रीनवर आडव्या रेघा आल्या. लॅपटॉप बंद करून परत चालू केल्यावर त्या गेल्या. तेव्हा मीच म्हणालो की उद्या जाऊन घेऊन यावा. आई भाजी निवडत होती.

"उद्यापासून पित्तरांचे दिवस. दशमीला तुझ्या वडलांचं पान आहे. ह्या पंधरवड्यात नवी चीज घरात न्हाई आणायची."

"आई, लॅपटॉप काय सोनं आहे का?" बायको म्हणाली.

"मंग टीव्ही कुठं सोनं होता? ह्याच दिवसांत आणला. त्याच वर्षी तुझे सासरे गेले."

टीव्ही पितृपक्षात आणला होता, हे खरं आहे. वडील त्या वर्षी गेले, हेही खरं आहे. त्यांना मूत्रपिंडाचा आजार होता आणि टीव्ही यायच्या आधी दोन वर्षांपासून त्यांचं डायलिसिस चालू होतं. मी हे आईला सांगितलं नाही. दसऱ्यापर्यंत थांबणं मला सोयीचंच होतं.

पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी मी एक बातमी लिहिली. ती मी दरवर्षी लिहितो. पितृपक्षामुळे बाजारपेठेत शुकशुकाट, खरेदीसाठी ग्राहकांना घटस्थापनेची प्रतीक्षा. जालन्याच्या शेठजींना फोन करून त्यांचं म्हणणं घेतलं. आदल्या वर्षीची बातमी समोर ठेवली होती, म्हणून वीस मिनिटांत झाली. बायको शेजारी उभी होती.

"झाला का तुमचा शुकशुकाट? मंग द्या इकडं. उद्या गुरुवार आहे."

तो गुरुवार पार पडला.

पुढच्या मंगळवारी लॅपटॉप बंद पडल्यावर मी अकराच्या आत तो दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडून पाहिला. "काका, मदरबोर्ड गेला. आता ह्याचा पोळपाट करा." आतल्या फायली काढता येतील का, असं विचारलं. त्यासाठी जालन्याला पाठवावा लागेल, शुक्रवारपर्यंत मिळेल, असं तो म्हणाला. सव्वीस पानांपैकी बावीस पानं झालेली होती आणि ती सगळी आतच होती.

मी तिथूनच शेठजींना फोन लावला. पितृपक्ष असो की नसो, आजच घ्यायला येतो म्हणालो. आईला विचारलं नव्हतं.

"दादा, हे पंधरा दिवस मी माल भरतच न्हाई. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गाडी येती. आत्ता दुकानात अठ्ठावन्न हजाराच्या खालचं बिलकुल काही न्हाई." मग ते म्हणाले, "तुम्हीच तर छापलं ना, गिऱ्हाईक न्हाई म्हणून."

दुसऱ्या दुकानातही हीच परिस्थिती होती. ऑनलाइन मागवला तर भोकरदनला सहा दिवसांनी पोचणार होता. ओळखीच्या एका शिक्षकाचा लॅपटॉप त्याची मुलगी संभाजीनगरला घेऊन गेली होती. बायको बस स्टँडजवळच्या ऑनलाइन अर्ज भरायच्या केंद्रात गेली. तिथे दोन कॉम्प्युटर होते. त्यातला एक तासाच्या भाड्याने मिळाला. तिने पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. शिष्यवृत्तीचे अर्ज चालू होते. गर्दी झाली की केंद्रचालक म्हणायचा, "ताई, दहा मिनिटं जरा उठता का?" ती उठायची. दहाची चाळीस व्हायची. बुधवारी संध्याकाळी केंद्र बंद झालं तेव्हा पंधरा पानं झाली होती.

गुरुवार हा दशमीचा दिवस होता. वडिलांचं पान. सकाळी सहापासून बायको आणि आई स्वयंपाकाला लागल्या. खीर, वडे, भाज्या, कढी. साडेबाराला मी पान गच्चीवर ठेवलं. कावळा पानाला शिवल्याशिवाय आमच्याकडे कोणी जेवत नाही आणि घराबाहेरही पडत नाही. एक वाजला. बायको पर्स खांद्याला लावून जिन्यात उभी होती.

"आई, मी निघू का?"

"सुनेनंच पाठ फिरवली तर ते कशाला येतील?"

मी गच्चीवर होतो. मला दोघींचं बोलणं ऐकू आलं. मी तिथेच कावळ्याची वाट बघत उभा राहिलो. कावळा पावणेदोनला आला. बायको न जेवता गेली.

पाच वाजता तेवीस पानं झालेली होती. तिने पुण्याला फोन करून दोन तास मागितले. फोनवरच्या बाईने, ज्यांच्या हातात निर्णय आहे ते मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. पूर्ण फाइल सहा वाजून दहा मिनिटांनी गेली.

मेल शुक्रवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आला. मी तो तिच्या फोनवर वाचला. मुदत दुसऱ्यांदा चुकल्यामुळे चाचणी थांबवण्यात येत आहे. अनुवादाच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. झालेल्या पानांचं मानधन देण्यात येईल. त्याच दिवशी चारच्या सुमारास दुरुस्तीवाल्याचा फोन आला. जुन्या लॅपटॉपमधून फायली निघाल्या होत्या. बावीसही पानं शाबूत होती.

आईला मेलचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता दसऱ्याला निवांत घ्या."

बायको वाळलेले कपडे घडी करत होती. "आता कशाला?" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिने माझ्यापुढे तो विषय काढलेला नाही. मीही काढलेला नाही.

दसऱ्याच्या दिवशी मी बातमीच्या कामाने जालन्यात होतो. दुकानासमोर नव्या गाड्यांना हार घातलेले होते आणि आत उभं राहायला जागा नव्हती. त्या लॅपटॉपवर चिठ्ठी होती, एकोणचाळीस हजार नऊशे. छत्तीसचा भाव एका ठरावीक बँकेचं क्रेडिट कार्ड असणाऱ्यांसाठी होता. आमच्याकडे ते कार्ड नाही. शेठजी गिऱ्हाइकात होते. त्यांनी लांबूनच हात केला. मी लॅपटॉप घेतला नाही.

दिवाळीनंतर आमच्या जवळच्याच टेंभुर्णीच्या एका खासगी शाळेत तिला तासिकेवर इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. पगार ठरलेला नाही, तासावर आहे. शाळेला सुट्टी असली की पैसे मिळत नाहीत. ती सकाळी सव्वासातच्या बसने जाते आणि दुपारी तीनला घरी येते.