महानंदाची जाई कुणाकडे आहे?

रविवार, दहा तारीख. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी महानंदाची जाई तोडली.

वेळ अचूक सांगतेय, कारण तिच्या घरात आलेल्या हॉस्टेलच्या मॅनेजरने कापलेल्या वेलीसमोर उभं राहून फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. फोटोवर तारीख-वेळ छापलेली. खाली लिहिलंय, 'नवीन बॅचसाठी ॲडमिशन सुरू'.

मी तेव्हा नांदेडला लेकीकडे होते. मंगळवारी लातूरला परतले आणि बॅगसुद्धा घरी न ठेवता थेट तिच्या गेटवर जाऊन मॅनेजरला गाठलं.

"वेल कुठंय?"

"काढली की मॅडम. बोर्डच दिसत नव्हता."

"मूळ?"

"ते पण काढलं. पेव्हर बसवून राहिलो, गाड्या लावायला."

"आणि फांद्या?"

"घंटागाडीत गेल्या. मिळंल की नर्सरीत दुसरी."

आज महानंदाला जाऊन महिना झाला.

शाळेतून रिटायर झालेली बाई. सकाळी कणकेचे हात धुता धुता खाली बसली, ती उठलीच नाही. मुलगा बंगळुरूला. त्याने दहा दिवसांत घर हॉस्टेलला देऊन टाकलं. त्याला वेलीचं काय सांगणार? त्याला आईच नीट माहीत नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते.

महानंदाचं माहेर किल्लारीजवळचं. भूकंपात घर बसलं, आई त्यात गेली. लोक ढिगाऱ्यात भांडी शोधत होते, कागद शोधत होते. हिला दगडांतून डोकं काढलेली आईची जाई दिसली.

तिची हातभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून ही एसटीने लातूरला आली.

ती जगली. गेटवर चढली. तिची कमान झाली.

मग महानंदाने आमची काडी-भिशी सुरू केली. ती आणि आम्ही पाचजणी. महिन्यातून एकदा चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिला बाकीच्यांनी आपापल्या झाडाची एकेक काडी आणून द्यायची.

तिचे नियम दोनच. काडी घेताना थँक्यू म्हणायचं नाही. आणि काडी मेली तर सांगायचं.

"लपवायचं न्हाई बायांनो. मेली तर मेली. दुसरी देते की मी."

मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून मला ती 'ए कॉन्व्हेंट' म्हणायची. पोस्टाच्या काउंटरवर भल्याभल्यांना गप्प करणारी मी तिच्यापुढे गप्प.

"ए कॉन्व्हेंट, झाडाला पाणी घालून राहिलीस का आंघोळ घालून राहिलीस?"

आम्हा पाचहीजणींकडे तिची जाई लागली. मग ते पाण्याचं साल आलं. लातूरला रेल्वेने पाणी आलं ना, ते.

महानंदाने तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी वाटीवाटीने घालून तिची जाई जगवली.

माझी मेली.

मी सांगितलं नाही.

गुलाब मेला असता तर सांगितलं असतं. शेवंती तर मी दरवर्षी मारते, हसत सांगते. ही कुठल्या तोंडाने सांगणार? तिच्या आईचं तेवढंच उरलं होतं.

ती विचारायची, "माझी जाई काय म्हणती?"

मी म्हणायचे, "मस्त आहे."

या होळीच्या सुमारास ती ओल्या फडक्यात काडी घेऊन घरी आली.

"ठेव ही. मोठीला सोबत."

"अगं, माझीच इतकी माजलीय मागे. जागा कुठंय?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मागच्या अंगणात गेली नाही.

"बरं," म्हणाली आणि काडी पिशवीत परत ठेवली. चहा घेतला, गेली.

मंगळवारी दुपारी मी भिशीतल्या चौघींना फोन केले. कुणाकडे तरी असणारच, अशी खात्री होती.

पहिला फोन विमलकाकूंना.

"माझी? ती तर पाण्याच्या सालीच गेली गं. बोलले न्हाई मी. म्हटलं, तुझ्याकडं हायच की."

दुसरी, तिसरी, चौथी. तेच. प्रत्येकीने तिला मस्त आहे म्हणून सांगितलेलं. प्रत्येकीला वाटलं, दुसरीकडे आहे.

त्या मॅनेजरवर मी तीनदा पोस्ट लिहिली, तीनदा पुसली. थकले. त्याने तोडलं ते फोटोसकट सगळ्यांना दिसलं. आमचं कुणालाच दिसलं नाही.

आता नीट वाचा.

महानंदाच्या शाळेतल्या कितीतरी मुली लग्न होऊन बिलोलीला, हिमायतनगरला, कुठकुठे गेल्या. निघताना प्रत्येकीच्या सामानात ती जाईची काडी ठेवायची आणि बजावायची, "मेली तर कार्ड टाक."

ती कार्डं माझ्याच काउंटरवरून विकत घेऊन, वर स्वतःचा पत्ता लिहून द्यायची.

एकीचंही कार्ड परत आलं नाही. त्याचा अर्थ काय लावायचा, ते मला आता कळेनासं झालंय.

त्या मुलींपैकी कुणी हे वाचत असेल, कुणाची आई, कुणाची सासू असेल, तर गेटवर बघा, गच्चीवर बघा, बाथरूमच्या मागे बघा.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर तोंडी सॉरी घेत नसत. लिहून द्यावं लागे, खाली सही करून. म्हणून आधी मी लिहिते.

महानंदा, तुझी जाई माझ्याकडे मेली. पाण्याच्या सालीच. तू दुसरी घेऊन आलीस, ती मी परत पाठवली.

जा बाई तू निवांत. इथलं मी बघते.

बाकीच्यांनी खाली लिहून कळवावं. असेल तर असेल म्हणून, मेली असेल तर मेली म्हणून. फोन नको, अंगठे नकोत, जोडलेले हात नकोत.

रविवारी माझ्या घरी भिशी आहे. चिठ्ठी एकच टाकणार आहे, तिच्या नावाची.

उत्तर लेखी हवं. शनिवार, संध्याकाळी सहाच्या आत.